खालून काहीतरी लागलं

गाडी घेताना माणूस तिला सगळीकडून बघतो. दारं आपटून आवाज ऐकतो, डिकीत डोकं घालून गावाहून येणाऱ्या तांदळाच्या गोणीची जागा ठरवतो, स्टिअरिंग धरून फोटो काढून घेतो. आमच्या मेहुण्याने शोरूममध्ये सीटचं कापड नखाने खरवडून पाहिलं. सासूबाईंनी आतल्या आरशात केस सारखे केले आणि "आरसा बरा आहे" असा निर्वाळा दिला. पण गाडीला एक खालची बाजूही असते आणि ती बघायला आमच्यातलं एकही माणूस वाकलं नाही. विकणारा मुलगा तर त्या बाजूचं नावच काढत नव्हता. माहितीपत्रकाच्या तळाशी 'ग्राउंड क्लिअरन्स 165 मिमी' अशी एक बारीक ओळ होती. लग्नपत्रिकेतल्या मुद्रकाच्या नावाकडे बघावं तितकंच आम्ही तिच्याकडे बघितलं.

मी पिंडाने लोकलचा माणूस. सकाळी आंबिवलीला टिटवाळ्याहून येणारी गाडी पकडायची, संध्याकाळी कसाऱ्याच्या गाडीत शहाड गेलं की दाराकडे सरकायला सुरुवात करायची, यात जन्म गेला. त्या गाडीच्या खालून कसला आवाज येतोय याची फिकीर मी कधी केली नाही. जो काही आवाज असेल तो मोटरमनचा. रुळांवर गतिरोधक नसतात, ही रेल्वेने प्रवाशांची केवढी सोय करून ठेवली आहे, हे मला एमएच 05ची पाटी लागलेली स्वतःची गाडी दारात आल्यावर कळलं.

आमच्या भागात नवी गाडी आधी टिटवाळ्याच्या महागणपतीला जाते, मग बाकी कुठे जायचं ते जाते. तशी आमचीही गेली. गुरुजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ वाढवला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवून ती चिरडायला लावली. मेहुण्याने पुढच्या बंपरखाली तारेत ओवलेली लिंबू-मिरची आणि तिच्या टोकाला एक टप्पोरा बिब्बा बांधला. वरून, पुढून, डावीकडून, उजवीकडून, गाडीचा पक्का बंदोबस्त झाला. बल्याणीमार्गे परत निघालो आणि पहिल्याच गतिरोधकावर पोटाखालून आवाज आला. खर्रर्र.

गाडीतली पाचही माणसं गप्प झाली. हा आवाज गाडीतून येत नाही, तो बसलेल्या माणसाच्या मणक्यातून येतो. आपलं कर्ज किती वर्षांचं आहे हे तो एका क्षणात आठवून देतो.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. खालून काहीतरी लागलं."

"बाबा, गाडी फाटली?" मुलगा.

"भावोजी, लिंबू-मिरची गेली वाटतं," मेहुणा म्हणाला. त्याचे वीस रुपये गेले होते.

घरी आल्यावर मी अभ्यासाला बसलो. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे. तिने 1988 सालीच गतिरोधकाचं माप ठरवून दिलंय. 17 मीटर त्रिज्येचा गोल उतार, 3.7 मीटर रुंदी आणि मध्यभागी फक्त 10 सेंटीमीटर उंची. वर काळे-पांढरे पट्टे, आधी इशाऱ्याची पाटी. ताशी 25 किलोमीटरने गाडी त्यावरून सुखाने जावी, असा हिशोब. माझी गाडी लांबीला 3.65 मीटर आहे. म्हणजे सरकारमान्य गतिरोधकावर ती नाकापासून शेपटीपर्यंत मावेल, वर पाच सेंटीमीटर उरतील. आणि 10 सेंटीमीटरच्या उंचवट्यावरून साडेसोळा सेंटीमीटरची गाडी गेली तर साडेसहा सेंटीमीटर हवा खेळती राहायला हवी. गणिताप्रमाणे मला काहीही लागलेलं नव्हतं.

हा 1988चा गतिरोधक मला प्रत्यक्षात भेटायचा आहे. मला जे भेटतात ते वेगळ्या घराण्यातले. ते रात्रीतून जन्मतात. कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमधून घमेलंभर माल उरतो, गल्लीत एक मोटरसायकल जोरात गेलेली असते, दोन्ही गोष्टींची सांगड घातली जाते आणि सकाळी दुधवाला उडून पडल्यावर गल्लीला कळतं की आपल्याकडे गतिरोधक झाला. याला त्रिज्या नसते, थेट कोपरा असतो. पट्टे नसतात, त्याच्यावर पुढच्या गाड्यांनी सोडलेले ओरखडे हेच त्याचे पट्टे. कडेला वीतभर फट मात्र आठवणीने ठेवलेली असते. तिच्यातून सगळ्या मोटरसायकली सुसाट जातात. ज्यांच्यासाठी तो बांधला त्यांना तो लागत नाही, असा हा जगातला एकमेव गतिरोधक असावा.

आमच्या इमारतीत एक काका आहेत. मोहन्याच्या एनआरसीत फिटर होते. कंपनी 2009 साली बंद पडली, पण काकांची पाळी चालूच आहे. कुणाचा नळ, कुणाचा मिक्सर, कुणाची लिफ्ट. आता माझी गाडी. त्यांनी माझं साडेसहा सेंटीमीटरचं गणित शांतपणे ऐकलं.

"165 हे रिकाम्या गाडीचं माप. तू रिकामी चालवतोस का?"

"नाही. सगळे होतो."

"मग स्प्रिंगा बसणार. शिवाय पुढची चाकं पलीकडे उतरली आणि मागची अजून अलीकडे आहेत, तेव्हा मधलं पोट कुठे असतं?"

"गतिरोधकावर."

"मग? टेप आण."

त्यानंतर जे झालं ते होऊ द्यायला नको होतं. काकांनी पार्किंगमध्ये गाडी सपाट जागी घेतली, खाली टेप धरली आणि घरातल्या एकेका माणसाला आत बसवून गाडी किती मिलिमीटर दबते ते मोजलं. मोजलं इतपत ठीक होतं. पण त्यांना कंपनीतली सवय, आकडा मोठ्याने पुकारायची. "बायको, सहा!" गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली. "मेहुणा, चौदा!" तिसऱ्या मजल्यावरून टाळ्या. मग सासूबाई बसल्या आणि काका म्हणाले, "नऊ." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्या इमारतीत लोक त्यांच्याकडे आदराने आणि किंचित खाली बघायला लागले.

यातून काकांनीच उपाय काढला: मोठा गतिरोधक आला की मागच्यांनी उतरायचं. ऐकायला सोपं आहे. पण "जरा उतरता का?" हे वाक्य सासूबाईंना उद्देशून चालत्या संसारात म्हणून बघा. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मी उतरले तर गाडी किती वर येईल?" या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही जावयाकडे बरोबर उत्तर नाही. मी "थोडीशी" म्हटलं. "थोडीशीसाठी मला उन्हात उतरवताय?" मग म्हटलं, "बरीच." पुढचे काही दिवस आमच्याकडे त्यांनी भात खाल्ला नाही.

मोहने रस्त्यावर तर आणखी मजा. गतिरोधकापाशी थांबलो, मागचे तिघे उतरून पलीकडे चालत गेले, मी गाडी मुंगीच्या पावलाने वर चढवली आणि मागचं दार उघडलं. एक गृहस्थ पिशवी घेऊन आत बसले. "मोहने गेट," असं म्हणून त्यांनी सुटे पैसेही काढले. मी म्हटलं, "अहो, ही घरची गाडी आहे." ते म्हणाले, "हो का? मग आत्ता तिघांना का उतरवलंत?" मी त्यांना ग्राउंड क्लिअरन्स समजावून सांगायला लागलो. मागे हॉर्न सुरू झाले. शेवटी ते मोहने गेटपर्यंत आले. त्यांचे किती मिलिमीटर झाले ते देव जाणे; पुढच्या उंचवट्यावर मात्र खर्रर्र आलाच.

तोवर दुसरा एक आवाज लागला होता. हा सपाट रस्त्यावरही यायचा. टक-टक, टक-टक. वेग वाढवला की तोही वाढायचा. नवीन गाडीवाल्याला एक आवाज म्हणजे चिंता आणि दोन आवाज म्हणजे आजार. स्टेशनजवळच्या रिक्षा स्टँडवर मी नुसती काच खाली केली तर चार निदानं आत आली.

"लोअर आर्म गेला."

"सायलेन्सरचं रबर आहे, डोळे मिटून सांगतो."

"चेंबर फुटलं असेल. ऑइल संपलं की इंजिन जाम."

चौथा बराच वेळ कान देऊन ऐकत होता. तो म्हणाला, "विकून टाका."

चेंबर हा शब्द मी जपून ठेवला, कारण झोप उडवायला तोच सगळ्यात चांगला होता. इंजिनच्या तळाशी तेलाची टाकी असते, तिला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. ती फुटून तेल गळलं आणि तशीच गाडी दामटली की इंजिन जळतं; आणि त्या जळालेल्या इंजिनचे पैसे द्यायला विमावालेही हात वर करतात, कारण खालून लागलं हा अपघात, पण पुढे चालवत राहिलात हा तुमचा पराक्रम. काका म्हणाले, "घाबरू नको. रात्री खाली पेपर अंथर. सकाळी डाग बघ. पाण्याचा असेल तर एसीचं पाणी, सोडून दे. हिरवा-गुलाबी असेल तर कूलंट. काळा-तपकिरी आणि बोटाला बुळबुळीत लागला तर ऑइल."

मी रविवारची पुरवणी अंथरली. सकाळी बघतो तर तिच्यावर वॉचमन पाय बाहेर काढून झोपलेला. त्याला वाटलं सोसायटीने त्याची सोय केली. दुसऱ्या रात्री त्याला सांगून अंथरली. सकाळी डाग होता. पिवळसर. मी बोट लावलं, चोळलं, वास घेतला. काकांच्या यादीत तो रंग नव्हता. तेवढ्यात चाकामागून मांजर निघालं आणि माझ्याकडे तुच्छतेने बघून गेलं. त्यानंतर अध्यक्षांची चिठ्ठी आली की पार्किंगमध्ये कागद टाकू नयेत, स्वच्छता अभियान चालू आहे.

मग स्वतः खाली बघायचं ठरवलं. गाडीखाली बघण्यासाठी माणसाला गुडघ्यावर यावं लागतं, मग कोपरावर, मग गाल जमिनीला टेकवावा लागतो. पन्नाशीजवळच्या माणसाचं स्वतःचं ग्राउंड क्लिअरन्सही पूर्वीचं राहिलेलं नसतं. त्या अवस्थेत मला कुणीतरी दोनदा विचारलं, "काय पडलं?" एका आजींनी "पुरे झालं, उठ बाळा" असा आशीर्वाद दिला. शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून, व्हिडिओ चालू करून तोच गाडीखाली सरकवला आणि काठीने बाहेर काढला. तो व्हिडिओ घरच्या टीव्हीवर मोठा करून बघितला. काळ्या पार्श्वभूमीवर काळे पाइप. बायको मागे उभी राहून बघत होती.

"सोफ्याखाली इतक्या बारकाईने कधी बघितलं नाहीत," ती म्हणाली.

मी तो व्हिडिओ जाणकारांचं मत घ्यावं म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. एकाने हात जोडले. एकाने 'अप्रतिम निसर्ग' लिहिलं. बी विंगमधल्या वहिनींनी लगेच फोन केला, "एन्डोस्कोपी कुणाची केली? काही गंभीर नाही ना?"

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथे गाडी आत जाते आणि मालक काचेच्या अलीकडे कॉफी पितो. आत जायला बंदी. इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा टॅब घेऊन आला.

"सर, अंडर कव्हर डॅमेज आहे. बदलावं लागेल."

"चेंबर?"

"चेंबर ओके आहे सर. कव्हरची क्लिप निघालीय."

"मग क्लिप बसवा."

"क्लिप सुटी येत नाही सर, सेट येतो. आणि अंडरबॉडी कोटिंग सजेस्ट करेन. गंज लागणार नाही."

"अहो, कव्हर प्लास्टिकचं आहे."

"कोटिंग बाकीच्या गाडीला, सर."

अंदाजपत्रकात एकट्या कव्हरचे 2,400 रुपये होते. सेट, मजुरी आणि कोटिंग धरून आकडा असा झाला की मी कॉफीचा कप परत ठेवला. मग आठवलं, विमा आहे की! आमच्या इमारतीतच एक विमा एजंट राहतात. गाडी घेतली तेव्हा त्यांनी घसारा न कापणारा 'झीरो डेप' विमा घ्या म्हणून आग्रह केला होता आणि मी तो हाणून पाडून तेवढ्यात सीट कव्हर बसवली होती. त्यांनी आनंदाने हिशोब मांडला.

"प्लास्टिकला घसारा पन्नास टक्के. 2,400चे राहिले 1,200. 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार तुमचे. म्हणजे कव्हरचे तुम्हाला मिळतील 200. मजुरीचे थोडे वर."

"दोनशे तर दोनशे."

"पण क्लेम केला की नो क्लेम बोनस गेला. पहिल्या वर्षाचा 20 टक्के. पाच वर्षं गप्प बसलात तर 50 टक्क्यांपर्यंत जातो."

"म्हणजे मला 200 मिळणार आणि त्यासाठी मी त्याहून जास्त भरणार?"

"पण मिळणार तर आहेत ना!" ते म्हणाले. विमा विकायला जी श्रद्धा लागते ती त्यांच्या चेहऱ्यावर होती.

शेवटी शहाडच्या बाजूला रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथे काच नव्हती, कॉफी नव्हती. मिस्त्रीने पुठ्ठा टाकला आणि तो पाठीवर सरकत गाडीखाली नाहीसा झाला. बाहेर फक्त चपला राहिल्या. मी त्या चपलांशी बोलू लागलो.

"नवीन शिकलात?" चपलांनी विचारलं.

"कशावरून?"

"बंपर चांगला आहे, पोट घासलंय. घाईत असतो तो बंपर फोडतो. नवीन माणूस गतिरोधकावर चढतो आणि तिथे ब्रेक मारतो. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, तिथेच घासते. ब्रेक अलीकडे मारायचा, वर चढताना पाय सोडायचा."

हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक होता आणि गाडी तोच चालवत होता; मी आपला स्टिअरिंगला आधार द्यायला बसायचो.

खालून एक हात बाहेर आला. हातात गंजलेली तार, वाळून कोळसा झालेलं अर्धं लिंबू आणि तारेच्या टोकाला बिब्बा.

"हे आडव्या पट्टीला गुंडाळलं होतं. बिब्बा कव्हरवर आपटत होता. टक-टक येत असेल."

लोअर आर्म, सायलेन्सर आणि गाडी विकायचा सल्ला, सगळे त्या एका बिब्ब्याने दिले होते. मेहुण्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "बघा, सुटली नाही. काम करत होती." मिस्त्रीने केबल टायने कव्हर आवळलं, तीन टाय जास्तीच्या लावल्या आणि उठून हात पुसले.

"किती झाले?"

"द्या काय द्यायचं ते."

हे दरपत्रक सर्व्हिस सेंटरपेक्षा अवघड. मी शंभराची नोट काढली, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, अजून शंभर काढले, तो अजून बघतच होता म्हणून पन्नास काढले. नंतर कळलं, त्याला लांबचं दिसत नव्हतं.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण काका म्हणाले, "टायवर किती दिवस काढशील? उल्हासनगरला जा, इंजिन गार्ड बसवून घे." म्हणून आम्ही सगळे गेलो. दुकानदाराने काळ्या रंगाचा जाडजूड लोखंडी पत्रा समोर आपटला.

"हा लावला की खालून काही लागणार नाही."

"खाली किती येतो?"

"फार नाही. बोल्ट धरून पंचवीस मिलिमीटर."

"खाली म्हणजे जमिनीकडे?"

"वरच्या बाजूला इंजिन आहे ना साहेब."

"मग आत्ता जे घासतं त्याच्या आधी हाच घासेल."

"त्यासाठीच तर आहे!"

"आवाज?"

"लोखंड आहे, आवाज तर येणार. त्याच्याखाली रबर देतो लावून. सहा महिने गॅरंटी."

"घासलं तरी?"

"गतिरोधक सोडून."

मागची काच खाली झाली. इतका वेळ सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या, झोपल्या असतील असं मला वाटलं होतं.

"पंचवीस?" त्या म्हणाल्या. "जावईबापू, ह्याचे पंचवीस चालतात तुम्हाला, आणि माझ्या नऊसाठी मला बल्याणीच्या रस्त्यावर उतरवता?"